जकात नाक्यातले माग

भवानी पेठेच्या टोकाला म्युनिसिपालिटीचा जुना जकात नाका होता. शहर वाढले तसा नाका पुढे सरकला आणि ती दगडी इमारत रिकामी पडली. आत एकच लांब दालन, खाली शहाबादी फरशी, आणि तुळईला मोठ्या तराजूची आकडी लटकत राहिलेली. मी बी.ए. झालो ते या इमारतीमुळे, असे मी आजही लोकांना सांगतो. लोकांना वाटते मी तिथल्या एखाद्या शाळेत शिकलो असेन. मी तिथे कधी धडा गिरवला नाही. तिथे माझी अक्का विणकाम शिकली.

आम्ही माढ्याकडचे, मेंढरेवाले. घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. माढ्याची शाळा संपल्यावर मास्तरांच्या शिफारशीने सोलापूरच्या हायस्कुलात नाव घातले, आणि मला रांधून घालायला माझी थोरली बहीण बरोबर आली. ती विधवा होती, सासरहून परत आलेली. चार घरची दळणे दळून ती आमची खोली चालवायची. चुलत्यांनी निघतानाच बजावले होते, "दिवाळीपतुर बघतो. तवर तुमचं तुमी भागवलं तर ठीक, न्हाय तर दोगंबी माघारी या. मेंढरांमागं मानूस लागतंय." दळणावर भागणार नाही हे अक्काला कळत होते. मलाही कळत होते.

तेव्हा मंदीचे दिवस होते. गिरण्यांत पाळ्या कमी झाल्या होत्या आणि पेठेत घरोघरी माणसे बसून होती. गावातल्या काही मंडळींनी एक संस्था काढली होती. गरजू बायकांना हातमाग शिकवायचा, आणि जी बाई एकटीच्या हाताने एक अख्खे लुगडे विणून दाखवील तिला कायमचा माग द्यायचा, विणेल तशी मजुरी द्यायची. संस्थेकडे उत्साह होता, जागा नव्हती. चिटणीस वकील होते. म्युनिसिपालिटीच्या पायऱ्या झिजवून त्यांनी हा नाका बिनभाड्याने मिळवला. अट एकच: इमारत आहे तशी ठेवायची.

शिकवायला पेठेतले एक तेलुगू मास्तर ठेवले. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या माग होता, पण मागावर बसायचे पुरुषांनी. बायकांनी सुताच्या कांड्या भरायच्या. बायकांना माग शिकवणार म्हटल्यावर त्यांच्याच गल्लीत लोक त्यांना हसले. "मास्तर, उद्या तुमी घरी भाकऱ्या थापनार काय?" मास्तर म्हणायचे, "थापतो की. शिकीव मला." आणि पुढे चालू लागायचे.

नाक्याची किल्ली हातात आली त्याच दिवशी वकीलसाहेबांना एका दाव्यासाठी पुण्याला जावे लागले. जाताना ते मास्तरांना म्हणाले, "मी येईपर्यंत माग बसवून ठेवा."

मास्तरांनी बसवले. त्यांच्या घरात, शेजारी, साऱ्या पेठेत माग म्हणजे खड्ड्याचा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या पायांनी दाबतो. उभ्या लाकडी चौकटीचा माग, जो कुठल्याही जमिनीवर ठेवता येतो आणि जो वकीलसाहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहिला होता, तो मास्तरांच्या मनातही आला नाही. ज्याने मागाला जागा दिली त्याने खड्डाही दिला, एवढा सरळ त्यांचा हिशेब. त्यांनी फरशी उचलली, चार खड्डे खणले, आतून लिंपून घेतले, चार माग चढवले आणि शिकवणे सुरू केले.

वकीलसाहेबांचा दावा लांबला. ते परत येईपर्यंत अक्का धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे लाकडी होडके, फेकायला शिकली होती. सुरुवातीला तिचा धोटा दर दोन फेऱ्यांनी उडून शेजारच्या खड्ड्यातल्या भाभीच्या मांडीवर पडायचा. ही भाभी टांगेवाल्याची बायको, तोंडाने मोठी फटकळ. ती म्हणायची, "अक्का, ये कपडा बुन रै तू, या मेरेकू मार रै?" पुढे अक्काचा हात बसला. मास्तरांनी तिला सांगितले, "अक्का, तुम्ही लुगडं घ्या आता." तेलुगूतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, म्हणून ती साऱ्या दालनाची अक्का झाली होती. तिने लुगडे मागावर घेतले.

ते अर्धे झाले असेल, तेव्हा म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर इमारत बघायला आले. त्या दिवशी मी अक्काची भाकरी घेऊन गेलो होतो. ते दारातच थांबले.

"हे काय? फरशी कुणी उचलली?"

"मी, सायेब," मास्तर अभिमानाने म्हणाले. "एक पन फुटली न्हाई. मागं भिंतीला रचून ठेवलो."

"अहो, पण खड्डे कशाला?"

"मागाला."

"माग जमिनीवर ठेवायचा!"

मास्तर खरोखर गोंधळले. "मंग पाय कुटं सोडायचे, सायेब?"

भाभी पदराआडून अक्काला म्हणाली, "साब ऐसा देख रैं, जैसे हम कबरां खोदे." ओव्हरसियरांनी ते ऐकले. तेही काही वाईट गृहस्थ नव्हते. पण इमारतीची जबाबदारी त्यांच्यावर होती. आठ दिवसांत खड्डे बुजवून फरशी बसवा, नाहीतर जागा परत, असे सांगून ते गेले.

वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी पुण्याहून आले. खड्डे पाहून ते रचलेल्या फरश्यांवर बसले आणि आधी पोटभर हसले. मग हिशेब मांडू लागले. नव्या चौकटीच्या मागांना पैसे नव्हते. आणि खड्डा बुजवायचा तर माग उतरवायचा, माग उतरवायचा तर त्यावर ताणलेले उभे धागे, म्हणजे ताणा, कापायचा. कापलेल्या ताण्यावर लुगडे पुरे होत नाही. दिवाळी तोंडावर आली होती.

अक्का घरी येऊन चुलीपाशी बसली. भाकरी थापता थापता एवढेच म्हणाली, "तुझी पुस्तकं कुनाला देशील रं? फुकट देऊ नगंस."

वकीलसाहेब पगडी घालून म्युनिसिपालिटीत गेले. चूक आमची आहे, पण एकदा येऊन पाहा, एवढेच त्यांनी मागितले. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष स्वतः आले, बरोबर ओव्हरसियर. शाळेला सुट्टी होती. मी दाराशी उभा होतो. अध्यक्ष शहरातले बडे गृहस्थ, कोट-उपरण्यातले. बाहेर बायकांच्या वहाणा ओळीने काढलेल्या दिसल्या, तसे त्यांनीही जोडे काढले. ते कोणाला काही न विचारता सरळ आत गेले आणि अक्काच्या खड्ड्यापाशी उकिडवे बसले.

"बाई, किती राहिलं?"

अक्काने पदर सावरला. "पदर ऱ्हायलाय, सायेब."

"आणि हे पुरं झालं की?"

"मग माग माजा की."

"आणि नाही झालं तर?"

"मग मेंढरं हायत."

ओव्हरसियर म्हणाले, "साहेब, नियमाप्रमाणे—"

"नियम तुमचा बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "इमारत शहराची आहे. ही बाईही शहराचीच आहे आता." मग ते मास्तरांकडे वळले. "हा ताणा संपायला किती दिवस लागतील?"

वकीलसाहेब मागून मास्तरांना डोळ्यांनी खुणावत होते. वर्षभर म्हणा, सहा महिने म्हणा, काहीतरी म्हणा. मास्तरांचे तिकडे लक्षच नव्हते.

"संपत न्हाई, सायेब."

"म्हणजे?"

"ताणा सरत आला की शेवट मागावरच ठेवतो. नव्या ताण्याचा एक एक धागा जुन्या धाग्याला जोडतो. मंग ओढून घेतो. माझ्या वडलांनी चढवलेला ताणा माझ्या घरी अजून हाय म्हना की. जोडत जोडत आलो."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला.

अध्यक्षांनी जोड कशी घालतात ते दाखवायला लावले. मास्तरांनी बोटांना राख लावून दोन टोके वळली, पीळ दिला, आणि धागा एक झाला. अध्यक्षांनी तो ओढून पाहिला. उठता उठता ते ओव्हरसियरांना म्हणाले, "लिहून घ्या. मागांवरचे चालू ताणे संपेपर्यंत इमारत संस्थेकडे राहील. ताणे संपले की खड्डे बुजवून फरशी पूर्ववत बसवावी. मी हे सभेपुढे ठेवतो."

"पण साहेब, ते तर आत्ताच म्हणाले की—"

"ऐकलं मी," अध्यक्ष म्हणाले आणि जोडे घालायला बाहेर आले.

सभेत एकदोघे कुरकुरले म्हणतात, पण ठराव झाला. मोठ्या कामांच्या गर्दीत शहराच्या कारभाऱ्यांनी चार खड्ड्यांसाठी वेळ काढला, याचे मला आजही अप्रूप वाटते. त्यांनी उपकार केल्याचा आव आणला नाही. पुढे कधी कोणी येऊन भाषणही ठोकले नाही.

अक्काचे लुगडे दिवाळीच्या आधी उतरले. दिवाळीला चुलते आम्हाला न्यायला आले, तेव्हा मी त्यांना नाक्यात नेले. ते घोंगडे सावरत दारात उभे राहिले. अक्का पुढच्या लुगड्यावर बसली होती. त्यांनी बराच वेळ पाहिले. "पोरगी खड्ड्यात बसलीया, पर बसलीया रुबाबात," म्हणाले. त्या संध्याकाळी ते एकटेच माढ्याच्या वाटेला लागले.

त्या मागाने मला मॅट्रिक केले आणि पुण्याच्या कॉलेजात पाठवले. बी.ए.चा निकाल घेऊन आलो तो स्टेशनावरून सरळ नाक्यात गेलो. मास्तर आता थकले होते, दाराशी बसून नव्या बायकांवर ओरडत होते. भाभी हसली. अक्का जुन्या ताण्याला नवा जोडत होती; दोन्ही हात गुंतलेले, बोटांना राख. तिने मान वर केली नाही.

"पास झालास व्हय?"

"झालो."

"मग बस तितं. एवढी जोड होऊ दे."

मी भिंतीकडच्या शहाबादी फरश्यांवर बसलो. परत बसवायच्या म्हणून त्या अजून नीट रचून ठेवलेल्या होत्या.