तांबड्या मातीतले बूट

मुंबईच्या मामानं मला दोन गोष्टी आणल्या होत्या. जाड तळव्याचे पांढरे बूट आणि एक इंग्रजी कॅसेट. बूट मला एक नंबर मोठे होते. कॅसेटमधला एक शब्द कळत नव्हता. दोन्ही मी लगेच वापरायला काढली.

त्या गाण्यांत एक गंमत होती. गाणारा बोलल्यासारखा गात सुटायचा आणि मधेच गप्प व्हायचा. बाकीची वाद्यंही थांबायची आणि सात-आठ सेकंद नुसता ड्रम वाजायचा. त्याला ब्रेक म्हणतात आणि नाचायचं त्यातच असतं, हे मामानं सांगितलं होतं. मामा बँकेत होता. त्याला कुणी सांगितलं, विचारलं नाही.

ही कॅसेट मी गल्लीतल्या तालमीत राहणाऱ्या माझ्या दोस्ताला ऐकवली. तो गारगोटीकडच्या एका खेड्यातला. वय माझ्याएवढंच, सोळा; मान माझ्या दुप्पट. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "ह्यो आपला हलगीवालाच हाय की. मैदानात कुस्ती लागली की असंच वाजवत्यात."

"ही अमेरिकेतली हाय."

"आसंल. गाणारा दम खातोय, तवर आपण नाचून घ्यायचं. बरोबर न्हवं?"

मामापेक्षा त्याला जास्त कळलं होतं.

सात सेकंदांत नाच बसत नाही. म्हणून आमच्या घरच्या दोन कॅसेटींच्या टेपवर आम्ही तेवढाच ड्रम पुन्हा पुन्हा भरायचो. एका बाजूला वाजवायचं, दुसऱ्या बाजूला रेकॉर्डिंग, ड्रम संपला की पॉज, मागं न्यायचं, पुन्हा. कान माझा, अंगठा त्याचा. पैलवानाचा अंगठा, पॉजचं बटण तो बरोबर ठोक्यावर सोडायचा. तीन आठवड्यांत चार मिनिटांचा ड्रम तयार झाला. जोड कुठं आहे ते आम्हालाही सापडत नव्हतं.

सराव तालमीत. दुपारी सगळे पैलवान जेवून झोपलेले असायचे आणि कुस्तीच्या मातीचा हौदा मोकळा असायचा. त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद मुरलेली. डोक्यावर गिरकी घ्यायला जगात इतकी मऊ जागा नसेल. टेप कट्ट्यावर, आवाज बारीक. हौद्यात उतरताना तो मातीला हात लावून कपाळाला न्यायचा आणि मग डोक्यावर उभा राहायचा. मीही न्यायचो. अनवाणी.

त्याचं तिथं असणं सोपं नव्हतं. वस्तादांनी दोन वर्षं नाही म्हणून मग त्याला ठेवून घेतलं होतं. त्या हंगामात पहिल्यांदा तो मैदानात उतरणार होता. घरी म्हैस एकच. तिचं दूध रोज सकाळी किटलीत घालून त्याचा बाप, म्हणजे आबा, वडापच्या, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या जीपमधून कोल्हापूरला पाठवायचे आणि घरची माणसं कोरा चहा प्यायची. वडापवाला त्यांच्याच गल्लीतला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायचा. पुष्कळदा किटली मीच घेऊन यायचो.

कॉलेजचं गॅदरिंग चार दिवसांवर आलं होतं. दोस्त अंघोळीला गेला होता आणि मी बूट घालून हौद्यात उतरलो. बुटांत गिरकी कशी जमते ते बघायचं होतं. त्याला दुसरं कारण नाही. मी बरंच शोधलं.

तो आला, बघितलं. हातानं सगळी माती सारखी केली. मारुतीच्या कोनाड्याखालचे दोन ठसे तेवढे राहिले. बुटांच्या तळव्यावरच्या नक्षीतल्या चांदण्यासुद्धा उमटलेल्या.

संध्याकाळी वस्तादांनी सगळ्यांना उभं केलं. "बूट कुणाचं?"

बूट माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते. दोस्तानं पिशवीकडं एकदा पाहिलं.

"मी घातलंतं," तो म्हणाला.

"तुझ्याकडं बूट कवापासनं?"

"मैतराचं हुतं."

"कुठला मैतर?"

मी खिडकीकडं बघत होतो. खिडकीत काही नव्हतं.

"आईच्या अंगावर बूट घालून चढतोस व्हय रं?" वस्ताद म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सकाळी गाठोडं बांधायचं."

सकाळी तो पहिल्या जीपनं गेला. मी अंथरुणात जागा होतो. थोड्या वेळानं नेहमीचा हॉर्न वाजला. वाटेत कुठंतरी दोन्ही जीपा एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. एकीत तो, दुसरीत त्याचं दूध. वडापवाल्यानं सवयीनं किटली माझ्या हातात दिली. घरी परत ने, म्हणता आलं असतं. तो का म्हणून विचारेल, एवढंच मनात आलं. दूध मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून प्यायलो. सगळं. वर साय होती. किटली घरी नेऊन माळ्यावर टाकली.

गॅदरिंगला मी त्या कॅसेटवर, त्या बुटांत नाचलो. दुसरा नंबर आला. स्पर्धेत आम्ही तिघंच होतो.

पुढं दहा-बारा वर्षांनी कामानिमित्त गारगोटीला गेलो, तर बाजारात पेंडीच्या दुकानात तो बसलेला. मी त्याला कानांवरनं ओळखलं. पैलवानाचे कान मोडलेले असतात. त्याची मान तशीच जाड, पण कान साबूत होते. मोडायच्या आत तो घरी गेला होता.

"पावणं, वाट चुकलासा व्हय?" म्हणाला आणि चहा सांगितला. "नाचतोस का अजून?"

"न्हाय."

"माझा अंगठा अजून चालतोय बघ." हसला. मग म्हणाला, "एक इचारायचं हुतं. शेवटच्या दिवशीची किटली तुला मिळालीती काय रं?"

"न्हाय," मी म्हणालो.

"तेच की. वडापवाला म्हणायचा, तुझ्याच हातात दिली. आबा मरस्तवर त्याला चोर म्हणाले. देवाच्या जेवणाला सुदीक बोलवलं न्हाय कधी." मग त्यानं हनुवटीनं रस्त्याकडं दाखवलं. "त्यो बघ, चाललाय."

एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता. दुकानासमोर आल्यावर त्यानं मान पलीकडं वळवली. मी चहात साखर हलवत राहिलो. ती आधीच विरघळली होती.

बुटांचं दोस्ताला सांगायला नको, ते त्याला त्याच संध्याकाळी माहीत होतं. किटलीचं त्याला माहीत नाही. ती अजून माळ्यावर आहे. कडी सुटली होती, तिथं आबांनी सुतळी बांधलेली. ती मी बदललेली नाही. काल खाली काढली आणि घासली. आधी त्या म्हाताऱ्याच्या दारात जायचं, मग दुकानात. म्हातारा अजून असेल तर.