हळदीकुंकू आणि बाथरूममध्ये कोंडलेलं पिल्लू

बाथरूमच्या दाराआड पिल्लू कळवळून रडत होतं आणि बाहेर केतकी मला शांतपणे विचारत होती, "मॅडम, बर्फी ॲग्रेसिव्ह आहे का हो?"

मी कुत्र्यांची ट्रेनर. केतकीच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच गेले होते. बर्फी म्हणजे तीन महिन्यांची लॅब्रेडॉर. दारात आलेल्या शेजारच्या काकूंच्या साडीला तिने दात लावले, म्हणून रविवारी तिला धायरीच्या एका गोडाऊनवर राखणीला पाठवायचं ठरलेलं. जन्मभर साखळीला!

"ॲग्रेसिव्ह कसली? घाबरलीय ती! घरात येतं कोण?"

"कुणीच नाही. थंडी आहे ना. शिवाय डॉक्टर म्हणाले, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका."

"बाहेर नेऊ नका म्हणाले. माणसं दाखवू नका म्हणाले का?"

माझं डोकंच फिरलं. अंगात स्वेटर, खोलीत हीटर, लाड उतू चाललेले आणि ओळख फक्त घरच्यांची. आमच्या कामात ज्याला सोशलायझेशन म्हणतात, ते म्हणजे कोवळ्या वयात पिल्लाला निरनिराळी माणसं, आवाज, वास यांची सवय लावायची. ते वय फार थोडं टिकतं. गेलं की भीती मुरते.

"आणि आज का कोंडलंय तिला?"

"संध्याकाळी हळदीकुंकू आहे. सोसायटीतल्या सगळ्या येणार," केतकीच्या सासूबाई म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. "अहो काकू, बायका दोघी-तिघी करून येणार, जरा टेकणार, जाणार. घरबसल्या याहून चांगली संधी कुठे मिळणार? आणि तुम्ही तिलाच कोंडलंत!"

"रेशमी साड्या असतात हो. केस लागतील."

"केस झटकता येतात. गोडाऊनची साखळी येते का झटकता?"

केतकीने जाऊन कडी काढली.

मी संध्याकाळपर्यंत थांबलेच. हॉलच्या कोपऱ्यात बर्फीची गादी टाकली. मागे बेडरूमचं दार उघडं ठेवलं. घाबरली तर पळायला जागा हवी. कुणी उचलायचं नाही, टक लावून बघायचं नाही. वाणाबरोबर प्रत्येकीच्या हातात पनीरचा तुकडा. तो गादीजवळ ठेवायचा आणि आपल्या गप्पा मारायच्या.

पहिल्या बेलला बर्फी पलंगाखाली. बांगड्या किणकिणल्या की पुन्हा पलंगाखाली. मग हळूच नाक बाहेर आलं. शेवटी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी पदर सावरत, बिचकतच पनीर ठेवलं. बर्फीने ते खाल्लं आणि त्यांची बोटं चाटली.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला राग आवरेना. "आता रडू नका. उद्या पुन्हा कुणाला तरी चहाला बोलवा."

केतकीने धायरीला फोन करून नाही म्हणून कळवलं. बर्फी बेल वाजली की अजून दचकते. वाया गेलेले दिवस भरून निघायला वेळ लागणारच.

थंडीत पिल्लू घरात ठेवा, जरूर ठेवा. पण आपणच कोंडून त्याला भित्रं केलं, तर त्याच्या स्वभावाला दोष देऊ नका.