अकरा वाजताचा लाल ठिपका

कापूस खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या खामगावच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. गावोगावच्या नऊ खरेदी केंद्रांपैकी कुठली लाईन तुटली, हे तिथं शेतकरी ओरडायला लागले की आम्हाला कळायचं. म्हणून टाकून दिलेल्या एका मशीनवर मी लिनक्स चढवलं आणि नेटवर्कवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर नेटवरून उतरवून बसवलं. फुकट आहे म्हटल्यावर साहेबांनी नाक मुरडलं. प्रत्येक केंद्राचा पत्ता फाईलमध्ये हातानं टाइप करायचा होता. एक कंस राहून गेला आणि तो शोधण्यात अख्खा दिवस गेला. संध्याकाळी पडद्यावर नऊ हिरवे ठिपके उमटले तेव्हा मी एकटाच हसलो.

पाचवा ठिपका नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावाचा. तिथं माझा थोरला भाऊ, दादा, हंगामापुरता वजनकाट्याच्या पावत्या काढायला बसायचा. वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. त्यानं सगळ्या वावरात बीटी कापूस लावला, पावसानं दगा दिला, बोंडं भरली नाहीत. आणि मी शहाणा चार लोकांत म्हणालो, "मी सांगितलं होतं." तेव्हाच जीभ चावायला हवी होती.

लाईन तुटून ठिपका लाल झाला की केंद्रावर फोन करायचा, हा नियम मीच केलेला. चौथ्या दिवशी पाचवा लाल झाला.

"हेड ऑफिसातून बोलतोय," मी सख्ख्या भावाला सांगितलं.

"लाईट गेली," दादा म्हणाला. "आली की चालू करतो."

दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा लाल. मग रोजच. भारनियमनाचे दिवस होते, ठरल्या वेळी लाईट जाण्यात नवल नव्हतं. मी फोन करायचो. लाईटीनंतर वेचणीचा विषय निघायचा, मग आईच्या गुडघ्यांचा. एकदा त्यानं "जेवला का बे?" असंही विचारलं. दहापासूनच माझं लक्ष घड्याळाकडे लागायचं. आज पुण्यात आहे, पण अकराच्या सुमारास अजून हात फोनकडे जातो.

महिनाअखेर साहेबांनी अहवाल पाहिला. "तुमच्याच गावात काय भानगड आहे?" मला ते झोंबलं. मी केंद्रावर बॅटरी पाठवली, मोडेम लाकडी पेटीत ठेवून कुलूप लावायला लावलं आणि किल्ली तिथल्या मॅनेजरकडे दिली. पाचवा ठिपका हिरवा झाला तो हिरवाच राहिला. साहेबांनी पाठ थोपटली. फोन करायचं कारण मात्र संपलं.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा दादा केंद्रावरच होता. तिळगूळ हातावर ठेवत वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमी ते पेटी काऊन बसवली? हे रोज अकराले त्यातल्या मशीनचं बटन बंद करत. म्हनत, आता त्याचा फोन येते."

दादा येईपर्यंत मी थांबलो नाही. बस चुकेल, असं सांगून निघालो.

दुसऱ्या दिवशी अकराला नऊही ठिपके हिरवे होते. तरी फोन लावला.

"लाईट हाये," दादा म्हणाला. "बॅटरी बी हाये. काऊन केला फोन?"

तुझ्याशी बोलल्याशिवाय करमत नाही रे, एवढंच सांगायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं.

"लाईन तपासत होतो," मी म्हणालो.

"चालू हाये."

मी पुढं काही बोलेन म्हणून तो थांबला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी फोन ठेवून दिला.