मामंजींची मूठ

अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतल्या किड्यांना कुणाची खरी धास्ती असेल, तर ती माझ्या नवऱ्याच्या मामांची, म्हणजे आमच्या मामंजींची. लोकर कुरतडणारी कसर शिंगही पोखरते, हे त्यांना कळलं त्या दिवसापासून त्यांनी स्वस्थ बसणं सोडलं. कारण त्यांच्या काठीची मूठ शिंगाची होती, आणि ते शिंग तेल्हाऱ्याच्या शेतात म्हातारा होऊन गेलेल्या त्यांच्या शेवटच्या बैलाचं. आता शेतात ट्रॅक्टर, मामंजी अकोल्याच्या फ्लॅटमध्ये, आणि बैलाचं म्हणून उरलेलं एवढंच.

ही मूठ रोज मऊ ब्रशने झाडली जायची. काठी ठेवायच्या कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला आणि कापूर. पाहुण्याने स्वेटर घालून आत यायचं नाही, आधी बाहेर झटकायचा. एका व्याह्यांनी त्यांना मानाची लोकरीची शाल पांघरली, तर फोटो निघेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले आणि मग शाल थेट गच्चीवर उन्हात. व्याही अजून रुसलेले आहेत. मला हे सगळं पटायचं. घर नीट ठेवायचं तर थोडा कडकपणा हवाच. म्हणून सासरच्या माणसांत त्यांचं माझ्याशी जमायचं.

गेल्या वर्षी पोळा होऊन काही आठवडे झाले आणि त्यांचा फोन आला. "सूनबाई, गेली वं मूठ! कसर लागली तिले. तू येऊन राहिली का नाई?"

मी हातातली कामं उरकून अमरावतीहून निघाले. मुठीच्या खोबणीत दोन बारीक भोकं होती आणि खाली पिठासारखा भुगा. मामंजींचा चेहरा उतरला होता. मी मूठ काठीवरून सोडवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. "आठवडाभर दार कमीत कमी उघडायचं. आतली अळी थंडीनं मरते."

मामंजी फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले. मामींना दूध काढू देईनात.

"आल्यागेल्याले चहा पाजू, का तुमच्या बैलाले हिव वाजते का ते पाहू?" मामी कडाडल्या.

"कोरा चहा पाज!"

तेवढ्यात वीज गेली. मामंजी ताडकन उठले. थंडी टिकावी म्हणून मामींनी कपाटातून ब्लँकेट ओढलं, तर मामंजी ओरडले, "लोकर हाय त्याच्यात! गोधडी आन, गोधडी!" आम्ही तिघांनी मिळून फ्रीजला गोधडी गुंडाळली. मामंजी फ्रीजला कान लावून उभे होते. वीज आली, फ्रीज घरघरला, आणि ते पुन्हा खुर्चीत बसले.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. मूठ सोडवताना हाताला खवट तुपाचा वास आला होता.

"मामंजी, मुठीला तूप कुणी लावलं?"

"मीनंच. पोयाच्या आदल्या दिशी खांद नाई शेकत का बैलाचा? हळद-तूप लावून म्हनतोच ना मी, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. खांदा नाई राह्यला, तर शिंगाले लावतो. दरसाल."

वर्षभर पहारा द्यायचा आणि एका संध्याकाळी स्वतःच किड्यांना जेवायला बोलवायचं! मी स्पष्ट सांगितलं, "तुपाच्या वासानं कसर येते आणि मग शिंग खाते. पुन्हा तूप लावलंत तर मूठ राहणार नाही."

त्यांनी फ्रीजच्या दारावर हात टेकला. मग म्हणाले, "मंग त्याले आवतन कशानं देऊ?"

मी फ्रीजवरची गोधडी सोडून तिची घडी घालू लागले.

मूठ वाचली. भोकं मेणाने बुजवली, आणि पुन्हा तपासायला म्हणून यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला गेले. मामींनी वाटीत हळद-तूप कालवून ठेवलं होतं. मामंजींनी बोट बुडवलं, माझ्याकडे पाहिलं, बोट धोतराला पुसलं आणि कोरड्या तळव्याने मूठ हळूहळू चोळली. आवतन पुटपुटले.

मामींनी वाटी उचलली. "सदऱ्याची बटनं काढा."

"काहून?"

"एवढं तूप वाया घालू का? बसा खाली."

आणि मामंजींच्या वाकलेल्या खांद्यावर त्या हळद-तूप चोळत राहिल्या. ते मान खाली घालून, अगदी निमूट बसले होते.