बाकावरचं पोहणं

सव्वीस वर्षं मुलांना खेळ शिकवून शिट्टीसरांचा आवाज पार बसला होता, पण एक नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. शंभर मोजेपर्यंत मूल पाण्यावर उताणं, निवांत पडून राहिलं, तरच ‘पोहता येतं’ या दाखल्यावर सही. नव्व्याण्णवला पाय खाली गेला, की "उद्या ये हं बाळा!"

यंदा शाळेचा तलाव गळायला लागला, म्हणून तो बुजवून शाळेनं पोहणं शिकवणारे चष्मे आणले. तोंडावर ते डबडं चढवायचं, बाकावर पालथं पडायचं आणि हातपाय मारायचे. डोळ्यांपुढं निळंशार पाणी, अंगाला थेंब नाही. महिन्याभरात यंत्रानं एकेचाळीस मुली पास केल्या. धरणावर होड्यांची सहल ठरली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी दाखल्यांचा गठ्ठा सरांपुढं टाकला.

"पाण्यात बघितल्याशिवाय सही कशी करू, बाई?"

"यंत्र काय खोटं बोलतं?"

"यंत्राच्या नाकात पाणी जात नाही ना!"

सर अडूनच बसले. यंत्रात पहिली आलेली शिंप्याची थोरली, तिला आईसकट गावच्या तलावावर घेऊन गेले. "इथं कठडा धरून थांब हं," म्हणाले आणि सदरा काढायला वळले. तेवढ्यात धप्पकन आवाज आला. पोरीनं खोल बाजूला सूर मारला होता.

सरांनी तशीच उडी टाकून तिला वर ओढलं. पोरगी खोकली, ओकली, मग रडली. आईचा मात्र तोल सुटला. "महिनाभर चष्म्यात पोहली, एकदा बुडाली नाही! तुमच्या हाती दिली आणि बुडाली!"

 आजवर सरांना पाण्याला भिणारी मुलंच भेटली होती. त्यांच्याकडं पाठ केली तरी चालायचं, ती कठडा सोडायची नाहीत. पोहता येत नाही आणि भीतीही नाही, असं मूल त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पोरगी आता डोक्यावरून तांब्याभर पाणी ओतू देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माफीनामा लिहून घेतला. सरांनी एवढंच लिहिलं: मी पाठ फिरवली, चूक माझी.

"आता सह्या. नाहीतर संगणकाचे सर करतील आणि सहलीलाही तेच जातील."

संगणकाच्या सरांना पोहता येत नव्हतं, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. सरांनी गठ्ठा पुढं ओढला. मग मान खाली घालून सह्या करत गेले. चाळीस झाल्या आणि पेन थांबलं.

"तिच्याही दाखल्यावर करा की," बाई म्हणाल्या. "पहिली आलीय ती."

"हिला पोहता येत नाही, बाई. मी डोळ्यांनी बघितलंय."

बाकीच्या चाळीस जणींचं त्यांनी काहीच बघितलं नव्हतं.