छोलदारी आणि देव्हाऱ्यातली मेख

झाशीजवळच्या मोठ स्टेशनाच्या अलीकडे रुळालगत रेल्वेची एक छोलदारी उभी असायची, म्हणजे उभी असावी अशी अपेक्षा असायची. छोलदारी म्हणजे दोन बांबूंवर ताणलेला लहानसा तंबू. त्यात जॅक, पहारी, कंदील आणि सागवानी पेटीतली मोजणीची दुर्बीण. काम पुढे सरकलं की तंबूही उचलून पुढे न्यायचा, त्यामुळे पाया घालायची सोय नव्हती. उन्हाळ्यातल्या आंधीने तो दोनदा लोळवला होता. सामानाचा हंगामी कारकून मी. रेल्वेच्या साहेबांनी झाशीला बोलावून स्वच्छ सांगितलं: छोलदारी पावसाळ्यापर्यंत टिकली तर कायम नोकरीसाठी माझा कागद वर जाईल, तिसऱ्यांदा पडली तर मी घरी.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण घराण्याची खोड उसळली आणि मी म्हणालो, "साहब, हमारे पुरखे मराठों के फरासखाने में थे। तंबू तो हमारे ख़ून में है।"

फरासखाना म्हणजे फौजेच्या तंबू-कनातींचं खातं. झाशीतली इतर मराठी घरं खंडेनवमीला तलवारी पुजत. आमच्याकडे हातभर लांबीची लोखंडी मेख पुजत. मूळ पुरुषाने तिनेच सुभेदारांचा डेरा ठोकला, असं वडील सांगायचे. तलवारवाल्या घरातली पोरं आम्हाला हसायची. वडील म्हणायचे, "तलवार घेऊन पळता येतं, डेरा घेऊन येतं का?" तर्क लंगडा होता, पण आवाज खणखणीत होता.

माझ्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर वडील स्वतःच निघाले. कचेरीत दप्तरं सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस रेशमी फडक्यात मेख गुंडाळून पॅसेंजरने आला. जागेवर येताच त्यांनी मेख मेटच्या हाती दिली. मेट म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम, म्हातारा बुंदेली गडी. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"जौ तौ भैंस बाँधबे कौ खूँटा आय, पंडितजी."

वडिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरलो. मग मेख मुख्य कोपऱ्यात ठोकून घेतली आणि सगळे दोर ताणायला लावले. बोटाने वाजवून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होईना.

मेट म्हणाला, "रस्सियाँ तनक ढीली राखो। भींजहैं सो कस जैहैं।"

"आप रेल देखिए, भैया," वडील म्हणाले, "तंबू हम देख लेंगे।"

भिजले की दोर आखडतात, हे मेटचं म्हणणं मलाही पटलं होतं, पण वडिलांसमोर मी बोललो नाही. त्या भित्रेपणाची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दुपारी आंधी आली. वडील तेव्हाही तिथेच होते, कारण आपलं काम बघायला ते रोज पॅसेंजरने येत. वाऱ्याला तंबूने दाद दिली नाही. वडिलांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं, आणि तेवढ्यात पाऊस कोसळला. सुतळीचे दोर भिजले, आखडले, आणि त्यांनी काळ्या मऊ मातीतून खुंट्या उपटायला सुरुवात केली. सगळ्यात आधी आमची मेख सुटली.

मी एका बांबूला मिठी मारली. वडील धोतर सावरत दुर्बिणीच्या पेटीवर जाऊन बसले, जणू तीच उडून जाणार होती. मेटने कुणालाही न विचारता टोळीला हाक दिली. रुळाकडेचे दोन जुने लाकडी स्लीपर ओढत आणले, दोर सैल करून त्यांना बांधले, वर खडी रचली. शिवाय तंबूच्या कण्यावरून एक जादा दोर टाकला. कापड फडफडलं, पण छोलदारी पडली नाही.

पाऊस ओसरल्यावरही वडील पेटीवरून उठले नाहीत. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आपल्या घरात कुणी कधी मेख ठोकली नाही रे. मूळ पुरुष फरासखान्यात कारकून होता. किती मेखा गेल्या, किती परत आल्या, लिहून ठेवायचा. एक परत आली नसेल, ती घरी राहिली."

मला हसू फुटलं. सात पिढ्या जाऊन मी पुन्हा तंबूचा कारकूनच, आणि तोही हंगामी.

दुसऱ्या दिवशी टोळीने स्लीपर आडवे पुरून पक्के केले. साहेब ट्रॉलीवरून उतरले, एकेक दोर ओढून पाहिला आणि माझी पाठ थोपटली. "वाह! ख़ून में है।" कागद माझ्याच हातात आल्यासारखा वाटला. मी तोंड उघडायच्या आत वडील पुढे झाले. "हुज़ूर, बाँधा मेट ने है। हम तो लिखनेवाले लोग हैं।"

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "लिखनेवाला ही चाहिए था।"

कायम नोकरीचा कागद आला. त्या खंडेनवमीला पाटावर वडिलांनी माझा टाक आणि दौत ठेवली. मेख त्यांनी आदल्याच दिवशी मेटच्या घरी स्वतः नेऊन दिली होती. मी पुढे एकदा तिथे गेलो, तेव्हा तिला म्हैस बांधलेली होती. चांगली दांडगी म्हैस, पण मेख जागची हलली नव्हती.