मॉरिसव्हिलची आगबोट

मृणालिनीताई भूलतज्ज्ञ होत्या. "आयुष्यभर लोकांना झोपवलं हो," त्या मला म्हणायच्या. "माझं काम बघायला पेशंट कधी जागा नसायचाच. एकदा तरी माणसांनी डोळे टक्क उघडे ठेवून बघावं." मी जन्मभर टाळ्यांवर जगलेला नट. ही भूक मला लगेच कळली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी एक आगबोट बांधली. समुद्र ओलांडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या आगबोटींसारखी: दोन्ही बाजूंना चाकं, मधोमध काळं धुराडं, आणि वाफेचा काय भरवसा, म्हणून शिडंही. तशा आगबोटी न्यूयॉर्कला लागल्या तेव्हा किनाऱ्यावर ही गर्दी उसळली होती! ताई ते वर्णन असं करायच्या, की वाटावं, बाई स्वतः तिथे टोपी उडवत उभ्या होत्या.

त्यांची बोट मात्र गेल्या वर्षी आमच्या मॉरिसव्हिलच्या तळ्यात उतरली तेव्हा प्रेक्षक तीन. मी आणि दोन बदकं. बदकं मध्यंतरातच उठून गेली.

"यंदा कोणी आलं नाही, तर बोट बेसमेंटमध्ये. कायमची," ताईंनी जाहीर केलं.

त्यांची नात रुही कॉलेजात आहे. तिने गावाच्या फेसबुक ग्रुपवर इंग्रजीत जाहिरात टाकायचं कबूल केलं.

"आजी, आगबोट म्हणजे काय लिहू?"

"अगं, आग आणि बोट. सोपं आहे."

पोरीने तसंच लिहिलं: शनिवारी सकाळी तळ्यावर फायरबोट!

आता अमेरिकेत फायरबोट म्हणजे अग्निशमन दलाची बोट, पाण्याचे उंच फवारे मारणारी. शनिवारी पार्किंग भरून गाड्या रस्त्यावर लागल्या. लाल प्लॅस्टिकची हेल्मेटं घातलेली मुलं, रेनकोट घातलेले बाप.

"नटवर्य, हाउसफुल!" ताईंचा चेहरा उजळला होता.

तेवढ्यात एका चिमुरडीने विचारलं, "पाण्याचा पाइप कुठंय?"

रुहीने कपाळावर हात मारला. "ओ नो! आजी, सॉरी, मी मोठा घोळ केलाय." तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे ही मंडळी दुसऱ्याच नाटकाला आलीत," ताई हळूच म्हणाल्या.

"मी बोलू का?" मी घसा खाकरला.

"तुम्ही गप्प बसा. प्रयोग माझा आहे."

आणि बाई बाकावर चढल्या. "माझी बोट आग विझवत नाही," त्यांनी इंग्रजीत खणखणीत सांगितलं. "आग हिच्या पोटात आहे! पहिल्या आगबोटी निघाल्या तेव्हा शहाणे लोक म्हणाले, भर समुद्रात कोळसा संपेल, पोचायच्या नाहीत. ही पलीकडच्या काठाला पोचेल? बोला!"

"नो!" अर्धी मुलं ओरडली. "येस!" बाकीची.

बर्नर पेटला. पाणी उकळेना. तिसरी घंटा झाल्यावर पडदा अडकावा, तसे ते क्षण. कोणीतरी गाडीची किल्ली काढली. आणि शिट्टी वाजली! चाकं फिरली, धुराड्यातून पांढरी वाफ निघाली, आणि ती एवढीशी बोट पाणी कापत निघाली. किल्ली परत खिशात गेली.

तळ्याच्या मध्यावर वारा आडवा आला. बोट कलली, चाकं मंदावली. रुहीने माझी बाही घट्ट धरली. ताईंनी रिमोटची कळ अंगठ्याने दाबून धरली. मघाशी पाइप विचारणारी चिमुरडी पहिल्यांदा ओरडली, "गो, फायरबोट, गो!" मग सगळा काठच ओरडू लागला. "नो" म्हणणारेही! माणसं तळ्याच्या कडेने बोटीबरोबर धावत सुटली, मुलांना खांद्यावर घेऊन.

बोटीने नाक सरळ केलं आणि पलीकडच्या काठाला टेकली.

आणि काय सांगू, एक लाल हेल्मेट हवेत उडालं. मग दुसरं. मग सगळं आकाशच लाल झालं. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर मी नव्हतो, पण आता मला ते दृश्य कोणी सांगायला नको.

ताई बाकावर तशाच उभ्या होत्या. "नटवर्य, बघा हो नीट. यातलं कोणी झोपलेलं दिसतंय का?"

"एकही नाही, डॉक्टर."

तेव्हा त्यांनी कमरेत वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला. पहिल्यांदाच करत होत्या, पण घाई केली नाही. टाळ्या पूर्ण होऊ दिल्या.